एटोबिकोला एक पान नाही

आईचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या रांगेत उभी होते. "बाबा गेले गं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुझ्या काकाला कळवायचं नाही." रडू त्यानंतर आलं... दोघींनाही. आमच्या घरात हा क्रम कुणाला चुकीचा वाटला नसता.

बाबा आर्मेनियन. तरुणपणी आजीबरोबर बैरूतहून कॅनडात आले, हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात लागले आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या साताऱ्याच्या सुमनशी त्यांनी लग्न केलं. मराठी शिकले ते, त्यांच्याच शब्दांत, "भांडण समजायला पाहिजे म्हणून". आजीने येताना कोटाच्या अस्तरात द्राक्षवेलाची एक काडी आणली होती, ती आमच्या बॅकयार्डात रुजली. द्राक्षं आंबटढाण, वेल ठेवायचा तो पानांसाठी. कोवळ्या पानांत भात आणि खिमा भरून केलेल्या सुरळ्या, म्हणजे डोलमा, हा आजीचा जीव की प्राण. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून त्या आईच वळू लागली आणि आजीला भरवूही लागली. त्यातला चिमूटभर गोडा मसाला आजीने चालवून घेतला होता.

आजी गेली, तेव्हा मी शाळेत होते. चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. त्यांच्यात अशा जेवणानंतर बिनसाखरेची कडू कॉफी घरच्या सुनांनी फिरवायची असते. आईने ट्रे उचलला आणि एटोबिकोहून आलेल्या काकांनी, बाबांच्या थोरल्या भावाने, तो तिच्या हातातून काढून घेतला. "धिस इज फॉर फॅमिली," ते म्हणाले. बाबांनी आपला कप खाली ठेवला, आईचा कोट आणला, आणि आम्ही निघालो. गाडीत ते एकच वाक्य बोलले, "एटोबिकोला एक पान जाणार नाही."

गेलं नाही. काकांचाही त्या पानांवर जीव होता, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. दर जूनमध्ये शिडी लावून ते पानं खुडायचे आणि पोस्टमनला, मराठी मंडळातल्या बायकांना, खिम्याचं नावही न काढणाऱ्या शेजारच्या गुजराती कुटुंबाला, दिसेल त्याला वाटायचे. थंडी ओसरताना छाटणी करून काड्याही वाटायचे. काडी कापायची आजीची रीत ठरलेली होती: खालचं टोक सरळ, वरचं तिरकं. लावताना उलटसुलट होऊ नये म्हणून. काडी उलटी लागली की मेलीच. निम्म्या हॅमिल्टनमध्ये आजीचा वेल पसरला. काकांचे चुलतभावाकरवी निरोप यायचे. बाबा खुशीत सांगायचे, "त्याला सांग, पानं संपली." लोक म्हणायचे, आता माफ करून टाक. बाबा विचारायचे, "मागितली कुणी?" त्यांचा हा हट्ट मला तेव्हाही आवडायचा. आजही आवडतो.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण आम्ही घरीच ठेवलं. काका आले... न बोलावता. वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. आईने कडू कॉफीचा ट्रे त्यांच्यापुढे धरला. त्यांनी निमूट कप उचलला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "सुमन, वन कटिंग. फॉर माय मदर्स सेक."

"नो," मी म्हणाले.

आईने माझ्या दंडावर हात ठेवला. बूट चढवले, बेसमेंटच्या जिन्यातल्या खिळ्यावरची बाबांची कात्री काढली आणि बर्फ तुडवत वेलापाशी गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं बाबांनी जे जपलं, ते ही एका कॉफीत सोडून देणार होती. तिने काडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून काकांच्या हातात ठेवली. त्यांनी टोकं बोटांनी चाचपली. "स्लँटेड एंड अप. आय रिमेंबर," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आईने होकारार्थी मान डोलावली. सॉरी ते दारातून बाहेर पडेपर्यंत म्हणाले नाहीत.

गाडी वळली तशी मी आईवर उसळले. "बाबांना काय वाटलं असतं?"

ती जिन्यात उभी राहून कात्रीला तेल लावत होती, बाबा लावायचे तसंच, जुन्या मोज्याने. "तिरकं कापलंय ते खालचं टोक आहे," ती म्हणाली आणि कात्री खिळ्याला अडकवली.

परवा काकांचा फोन आला. बागेतल्या काडीला अजून फूट नाही म्हणत होते. आमच्या वेलाला पालवी आलीय. आई स्पीकरवर त्यांना म्हणाली, "इट टेक्स टाइम," आणि कात्री घेऊन बॅकयार्डात गेली.