घरची हळद

नातीच्या रक्तात शिसं निघालं, हे सांगायला मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. आमच्या उमरी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये त्यांचं संशोधन चालू होतं. पंधरा दिवसांपूर्वी पोरांच्या बोटांतून थेंबभर रक्त घेऊन गेल्या होत्या. नात चार वर्षांची. लेक-जावई दोघंही लातुरात नोकरीला, म्हणून ती आमच्याकडे असते.

"शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं?" मी हसत विचारलं. नको त्या वेळी चेष्टा सुचते, हा माझा जुनाच रोग. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेरून काही दिसत नाही, पोर खेळतं, जेवतं, पण आत मेंदूवर परिणाम होत राहतो. शिकायला, लक्षात ठेवायला जड जातं. झालेलं नुकसान सगळं भरून येईलच असं नाही. मग त्यांनी खात्री करायला नातीच्या दंडातून पुन्हा रक्त घेतलं.

घराला रंग कधी दिला? जुन्या बॅटऱ्या फोडता का? डोळ्यांत सुरमा घालता? त्या विचारत होत्या आणि प्रत्येक 'न्हाई'बरोबर मला जरा बरं वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "हळद कुठली खाता? बाजारच्या हळदीला कधीकधी शिशाचा पिवळा रंग लावलेला असतो."

"घरची हाय, बाई," बायको ताठ बसून म्हणाली. "आमच्या रानातली. बाजारची पुडी आमच्या घरात येत न्हाई. रोज सांजच्याला हळदीचं दूध देते पोरीला, माझ्या हातानं."

मी मान खाली घातली.

आम्ही हळदवाले. हळद शिजवायची, वाळवायची, मग लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची, म्हणजे साल घासून हळकुंडं चकचकीत होतात. तीन वर्षांपूर्वी वाळत घातलेला माल अवकाळी पावसात भिजून काळवंडला. बाजारातल्या एका ओळखीच्या माणसानं पिवळी पावडर दिली, शेवटच्या फेऱ्यात टाक म्हणाला. असा रंग आला की मीच बघत राहिलो. पुढच्या दोन्ही वर्षी माल चांगला होता, तरी टाकली. पावडर कसली, हे मी कधी विचारलं नाही. पण मनात कुठंतरी ठाऊक असणारच, कारण घरच्या हळदीला मी ती लावत नव्हतो. घरची वेगळी, हा माझा नेम. फक्त ती फिरवायचो सगळ्यात शेवटी, बाजारचा माल काढून झाल्यावर, त्याच ड्रममध्ये. ड्रम झटकायचो. धुवायचं कधी सुचलंच नाही.

बाईंनी डब्यातली चमचाभर हळद तपासायला घेतली. "निकाल येईपर्यंत ही देऊ नका," असं सांगून त्या गेल्या. मी तोंड उघडलं नाही. भ्यालो होतो.

दुपारभर नातीला जवळ घेऊन बसलो. "आई कुठं राहते?"

"लातूरला."

"काल काय खाल्लं?"

तिला आठवेना. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. "आबा, तुमीच सांगा की," ती वैतागली. काल काय खाल्लं ते मलाही आठवत नव्हतं, पण तेवढ्यानं भीती जाते थोडीच.

संध्याकाळी बायको नेहमीसारखा दुधाचा पेला घेऊन आली. दूध पिवळंधमक होतं.

"अगं, देऊ नका म्हणल्या ना बाई," मी म्हणालो.

"घरच्या हळदीला काय धाड भरलीय? रक्त काढलंय पोरीचं. आज जरा जास्तच टाकलीय."

नातीनं दोन्ही हात पुढे केले. मी पेला हिसकावून घेतला आणि मोरीत ओतला. नात रडायला लागली. मग बायकोला सगळं सांगितलं, पावडरीचं आणि ड्रमचंही. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं तांब्याभर पाणी ओतून मोरीतलं पिवळं दूध धुऊन टाकलं.

"आपल्या पोरीचं रक्त तपासलं म्हणून कळलं तरी," ती म्हणाली. "तीन वर्सं पोत्यानं बाजारात घातली, ती कुणाच्या पोरांनी खाल्ली हो?"