खोडलेलं 'हॅज'

जेवण आटोपून शालन तोडणकर ओटीवरच्या बाकावर आडवी होते. वही पोटावर उघडीच आहे. डोळे जड होतात, पण मिटल्या पापण्यांआड एक वाक्य काही हलत नाही.

'माय हजबंड हॅज टॉट मी.'

त्यातलं 'हॅज' आज सकाळी इंग्रजीच्या क्लासच्या रेवाळे बाईंनी खोडलं. परदेशातल्या एका शेतकी शाळेला तिथल्या बायकांना आंब्याची कलमं बांधायला शिकवणारी बाई हवी आहे. त्यासाठी शालनने स्वतःबद्दल दहा ओळी इंग्रजीत लिहून उद्या पाठवायच्या आहेत. हे काम कुठं शिकलात, असा शाळेचा प्रश्न आहे. बाईंनी समजावून सांगितलं, की आपलं 'शिकवलं' आणि 'शिकवलंय' असतं ना, जवळजवळ तसंच हे. 'हॅज' घातलं की करणाऱ्याचा आजशी धागा राहतो. माणूस गेलेला असला की साधा भूतकाळ, नुसतं 'टॉट'. शालनने मान डोलावली. तिचे यजमान यशवंत जाऊन आठ महिने झालेत. तेव्हापासून तिने एकही कलम बांधलेलं नाही; बांधायच्या पट्ट्यांची गुंडाळी बाकाच्या कोपऱ्यात तशीच पडून आहे.

बाक हळूहळू डुलायला लागतो. तो दाभोळच्या फेरीबोटीतला बाक आहे, आणि शेजारी यशवंत बसलेत. सदऱ्यावर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. शालनला नवल वाटत नाही. ती जरा सरकून त्यांना जागा करते आणि जेवलात का, म्हणून विचारते. ते म्हणतात, ते राहू दे, वही दाखव.

बोट धक्क्याला लागत नाही. पाणी संपतं तिथून शाळेचा वर्ग सुरू होतो. बाकांवर काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने बसली आहेत, कोयीतून नुकती वर आलेली, तांबूस पानांची. यशवंत फळ्याजवळ उभे राहून वही वाचतात. जन्मभर मराठीत सही करणारा माणूस.

"तुम्हाला इंग्रजी कधी यायला लागलं?"

"येत नाही. तू मोठ्यांदा घोकतेस, ते ऐकतो."

शालन तक्रार सांगते, की बाईंनी तुम्हाला खोडून टाकलं. यशवंत त्या तांबड्या रेघेवर बोट ठेवतात.

"मला नाही गं खोडलं. बाईंचं बरोबर आहे, शालू. मी गेलोय. माझ्या नावापुढे ते 'हॅज' आता रुजायचं नाही."

वर्गाचं छप्पर झावळ्यांचं होऊन जातं. हा त्यांचा कलमांचा पहिला मांडव. इथं शालन एकोणीस वर्षांची आहे, लग्नाला तीन महिने झालेत आणि तिने बांधलेल्या शंभर कलमांतली त्र्याण्णव मेली आहेत. सासूबाई कलमाच्या काड्या फुकट गेल्या म्हणून पुटपुटतात. यशवंत मात्र जगलेली सात बाजूला काढतात आणि संध्याकाळी दापोलीहून जिलबी आणतात. मग रोज दुपारी समोर बसून तिची बोटं धरतात. काप तिरका घे. साल सालीला टेकू दे. घाई करू नकोस, झाडाला कळते.

"हे सगळं त्या नुसत्या 'टॉट'मध्ये कसं मावायचं?" शालन विचारते.

"मावेल की. पण तू वाक्य माझ्यापासून का सुरू करतेस? तुझ्यापासून कर. तू आहेस ना अजून."

ती थांबते. मग शब्द चाचपडत म्हणते, "आय हॅव लर्न्ट..."

"कुणाकडून?"

"फ्रॉम माय हजबंड."

यशवंत मान हलवतात, एखादा चांगला जोड बघितल्यावर हलवायचे तशी. इथं 'हॅव' धरेल, म्हणतात. आता ऊठ, काड्या वाळतायत. ती त्यांना जरा बसा म्हणते, पण ते रोपांच्या ओळींतून निघालेले असतात. एकेका पिशवीपाशी वाकतात, बघतात, पुढे जातात. मांडव लांबच लांब होत जातो.

शालन जागी होते तेव्हा ओटीवर चारचं ऊन आलेलं आहे. उजव्या करंगळीला काहीतरी घट्ट लागतं. ती हात वर करते. करंगळीभोवती कलमं बांधायची प्लास्टिकची पट्टी आहे. खालून वर, काठावर काठ चढवत गुंडाळलेली, शेवटचं टोक आत खोचलेलं. अशी बांधणी गावात एकट्या यशवंतांची. घरात दुसरं कुणी नाही.

मग ती पट्टी उन्हात धरते आणि नीट बघते. पीळ डावीकडे आहे. यशवंतांचा उजवीकडे यायचा. डावखुरी फक्त तीच.

म्हणजे झोपेत तिच्याच हाताने ती बांधली. शालन पट्टी सोडवत नाही. डाव्या हाताने वही ओढून घेते आणि खोडलेल्या ओळीखाली, एकेक अक्षर लावत, 'आय हॅव'पासून लिहायला लागते.