गलका फार वाढला आहे

आमच्या घराण्यातलं कुणीतरी कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर बडोद्याला आलं आणि इथलंच झालं. आजोबांना याचा फार अभिमान. मला त्या पराक्रमातली तलवार काही कधी दिसली नाही, खुरपं मात्र रोज दिसायचं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आजोबांनी नागरवाड्यातली भाड्याची जागा सोडली आणि कारेलीबागेत एका सोसायटीत छोटं बैठं घर घेतलं. ते त्यांनी घरासाठी घेतलंच नाही, मागच्या बारा फूट मातीसाठी घेतलं, असं आई म्हणायची. ते खरंच असावं, कारण पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा आजोबा आधी मिरचीचे वाफे बघून यायचे आणि मग बादली लावायचे.

त्या बारा फुटांत तुळस होती, मिरच्या होत्या, कढीलिंब होता आणि कुंपणाच्या भिंतीवर गलक्याचा वेल होता. गलका म्हणजे घोसाळं. गुजराती भाजीवाल्या त्याला गलकां म्हणतात. आजोबांच्या तोंडी तो गलका झाला, आणि मी आजोबांच्या मागे फिरणारी, म्हणून माझ्याही तोंडी तेच. आई साताऱ्याची. तिला हे सहन होत नसे.

"मामंजी, गलका शेजारी करतात. भाजी घोसाळ्याची करतात," असं ती म्हणायची.

आजोबा हसून सोडून द्यायचे. मराठीत गलका म्हणजे आरडाओरडा, हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारी करतात म्हणजे साताऱ्याला शेजाऱ्यांकडेही गलक्याचे वेल असतील, अशी माझी समजूत.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या वर्षी बाबा घरी नव्हते.

ते छाणीच्या पुढे एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर होते. नव्वदीतले ते दिवस. सोसायटीत घरोघर केबलच्या वायरी आल्या होत्या आणि दुकानांत बाहेरच्या देशांचा माल आला होता. त्यात बाबांचा कारखाना बसला तो पुन्हा उठला नाही. तीन महिने ते घरी बसून होते. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं की नागपूरजवळच्या एका प्लँटमध्ये काम मिळालंय, हो म्हणून कळवलंय, सोमवारी निघायचंय. मी बाहेरच्या खोलीत गुजरातचा नकाशा रंगवत होते. आई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

"जाताना मला विचारलं नाहीत. आता परत या म्हणून मीही विचारणार नाही."

"बरं. बोलावल्याशिवाय मीही येणार नाही."

दोघंही शब्दाचे पक्के. असल्या दोन माणसांनी एकमेकांशी लग्न करू नये, असं माझं मत तेव्हापासून आहे.

बाबा दसऱ्यानंतर गेले. दिवाळीला आले नाहीत. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आले नाहीत, गच्चीवर माझ्या पतंगाची फिरकी आजोबांनी धरली आणि त्यांना ढील देता येईना. होळीलाही आले नाहीत. दर वेळी पत्र यायचं ते आजोबांच्या नावाने, रजा मिळत नाही, सर्वांना आशीर्वाद. आजोबा ते वाचून मुद्दाम हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, विसरायचे. थोड्या वेळाने हिंचका रिकामा असायचा आणि पत्र आईच्या शिवणाच्या डब्यात. रजेचं काही खरं नव्हतं, हे त्या घरात तिघांनाही कळत होतं, पण बोलायचं कुणी? मला बाबा हवे होते. रात्री जेवताना त्यांच्या पाटाची जागा सोडून बसायचा मला कंटाळा आला होता, आणि मला त्या दोघांचाही राग येत होता.

माझी शाळा गुजराती माध्यमाची, म्हणून मराठी घरी शिकायची. दुपारी तीन ते चार, मागच्या ओट्यावर, आईजवळ. माझ्या मराठीला डोक्यावरची रेघच नसायची, कारण गुजरातीला ती नसते. "दोरी न बांधताच कपडे वाळत घातलेस की गं," आई म्हणायची आणि सगळं पान पुन्हा लिहायला लावायची. तिचं शिकवणं हातातलं काम न सोडता चाले. फाल्गुनात हातात असायची आदल्या मोसमातली वेलावरच वाळवलेली घोसाळी. ती पाण्यात भिजवायची, साल सोलायची, आपटून काळ्या बिया काढायच्या. आत जाळी उरते ती धुऊन वाळवली की अंग घासायला उत्तम. आई जाळीचे तुकडे कापून त्यांना जुन्या साडीचे काठ शिवायची आणि अडकवायला एक बंद लावायची. सोसायटीतल्या निम्म्या न्हाणीघरांत आमच्या घासण्या लोंबत होत्या. माझ्या वाट्याला बंद शिवणं आणि शुद्धलेखन. ती टाका घालता घालता शब्द सांगायची, मी लिहायची, आणि टाका संपला की लाल पेन घ्यायची. तिच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सुटल्याचं मला आठवत नाही.

आठवड्यातून एकदा पत्रलेखन. पत्र बाबांनाच. आधी वहीत कच्चं, मग लाल पेन, मग इनलँडवर पक्कं. पहिल्याच पत्रात मी 'तुम्ही कधी येणार' असं लिहिलं होतं. तिने त्यावर काट मारली.

"रडगाणं लिहायचं नाही. येणं-जाणं त्यांचं ते बघतील. झाडांबद्दल लिही."

मग मी झाडांबद्दल लिहू लागले. त्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या त्या खोलीत आमच्या मिरच्यांची जेवढी माहिती पोचली तेवढी कृषी खात्याकडेही नसेल.

पाडवा जवळ आला. उत्तरायणानंतर लावलेला नवा वेल तोवर भिंत ओलांडून शेजारच्या गुजराती मासींच्या अंगणात गेला होता आणि इकडे त्याच्या ओझ्याने तार वाकली होती. एका सकाळी आजोबांनी माळ्यावरून गुढीची काठी काढली आणि वेलाला टेकू लावला. आई चाळण घेऊन बाहेर आली ती तिथेच थांबली.

"मामंजी, गुढीची काठी वेलाला?"

"तर यंदा गुढी बांधणार कोण? माझे हात वर जात नाहीत," आजोबा म्हणाले. "पडून राहण्यापेक्षा लागली कामाला. बराबर छे ने?"

आमच्याकडे गुढी बाबा बांधत. आई आत जाऊन सुरी घेऊन आली आणि "आता पुरे झालं," म्हणत वेल छाटायला लागली. छाटायची गरज होतीच, पण इतक्या जोरात नव्हती. आजोबा काठी धरून मध्ये उभे राहिले. "अगं, वाढू दे थोडा," म्हणत राहिले. शेवटी निम्मा वेल वाचला. दुपारी पत्रलेखनाचा दिवस होता, आणि मला ताजा विषय मिळाला.

ते पत्र मला पाठ आहे, कारण पुढे ते घरात फार वेळा वाचलं गेलं.

'तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या घरी गलका फार वाढला आहे. रोज सकाळी उठल्यापासून आई आणि आजोबा त्याच्याच मागे असतात. तो आता शेजारच्या मासींच्या घरापर्यंत गेला आहे. मासी म्हणाल्या, चालेल, आम्हाला त्रास नाही. आज आजोबांनी गुढीची काठी काढली. आई सुरी घेऊन आली. आजोबा काठी धरून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, वाढू दे. आई म्हणाली, आता पुरे झालं. मी ठीक आहे. अभ्यास चालू आहे.'

आईने वही घेतली. 'सूरी' आणि 'अभ्यास चालु' दुरुस्त केलं. एका अक्षरावरची रेघ राहिली होती ती ओढली. मग बराच वेळ ती वही मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं, आता सगळं पुन्हा लिहायला लावणार.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "उतरव इनलँडवर."

'छान' हा शब्द तिने माझ्या मराठीला आजवर लावला नव्हता. मी धावत जाऊन पत्र पेटीत टाकून आले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आजोबा वेलाला पाणी घालत होते, मी बिया निवडत होते, तेव्हा फाटक वाजलं. बाबा आत आले. दाढी वाढलेली, खांद्याला एकच पिशवी, शर्टाला गाडीचा वास. मी बिया टाकून उठले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"अण्णा, काय झालं? भांडणं कसली चालली आहेत घरात?"

"कसली भांडणं?" आजोबांच्या हातातली नळी खाली गेली. "आव, आव. बेस तरी आधी."

बाबांनी खिशातून इनलँड काढलं. तेवढ्यात आई दारात आली. तिने पदराला हात पुसले, ते आधीच कोरडे होते.

"कसे काय आलात?" तिने विचारलं.

"हे वाचून कोण बसून राहील?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगळं पत्र मोठ्याने वाचलं. सुरी, काठी, मासी, सगळं. मी मध्येच ओरडले, "बाबा, गलका! हा गलका!" आणि वेलाकडे बोट दाखवलं. हातभर लांबीचे पाच-सहा तिथे लोंबत होते.

आधी मासी हसल्या, भिंतीपलीकडून. मग बाबा हसले. मग आईही हसली, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचंच होतं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. "तुमच्याच घरातली भाषा," ती बाबांना म्हणाली, "मी किती वर्षं सांगतेय, घोसाळं म्हणा." आणि पाणी तापवायला गेली. आंघोळीला तिने त्यांना नवी कोरी घासणी दिली. आजोबा मात्र हसले नाहीत. ते बाबांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग नळी उचलून पुन्हा पाणी घालायला लागले.

आईने बोलावलं नव्हतं, आणि बाबा उगाच आले नव्हते. दोघांचेही शब्द शाबूत राहिले.

पाडव्याला काठी वेलात इतकी गुंतली होती की ती सोडवणं शक्यच नव्हतं. बाबांनी मच्छरदाणीच्या काठीला साडी, गाठी आणि कडुलिंब बांधून गुढी उभी केली. ती ठेंगणी दिसत होती. आईने कौतुक केलं नाही, पण नावही ठेवलं नाही. पुढचं सांगून टाकते. बाबा चार दिवसांनी नागपूरला परत गेले, पण मग दर महिन्याला येऊ लागले, आणि पुढच्या वर्षी छाणीच्याच एका वर्कशॉपमध्ये लागले. पगार कमी होता. त्यावरून घरात खरा गलका झाला, पण तो समोरासमोर झाला.

पाडव्याच्या दुपारी मला मात्र चैन पडेना. माझ्या चुकीमुळे बाबांना एवढा घोर लागला, एवढा प्रवास झाला, याची मला शरम वाटत होती. चूक निदान वहीत तरी दुरुस्त करावी म्हणून मी कच्चं पत्र काढलं. 'सूरी'भोवती लाल गोल होता. 'चालु'भोवती होता. 'गलका' या शब्दाखाली फक्त एक लाल ठिपका होता, पेन टेकवून उचलल्यावर उरतो तसा.

मी वही आईकडे नेली. "हे तुझं राहिलं दुरुस्त करायचं."

तिने पाहिलं. "सुटलं असेल नजरेतून," ती म्हणाली आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली.

मी मागे आजोबांकडे गेले आणि त्यांना ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट बघितला.

"पण आजोबा, आईने सोडलं तरी चूक माझीच ना. बाबांना वाटलं, खरंच भांडण झालं."

आजोबांनी वेलावरचा एक कोवळा तोडला आणि माझ्या हातात दिला.

"गांडी छोकरी," ते म्हणाले, म्हणजे गुजरातीत वेडी पोर. "तुझ्या बापाला दात फुटले तेव्हा पहिला घास मी याच भाजीचा भरवला. सगळा जन्म त्याचा बडोद्यात गेला. त्याला गलका माहीत नाही?"

मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई विळीपाशी बसली होती आणि बाबा तिच्यासमोर पाटावर, कितीतरी महिन्यांनी आपल्या जागेवर. मी काही म्हणायच्या आत बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आईपुढे धरला.

"घे. गलका," ते म्हणाले.

आईने दुरुस्त केलं नाही. विळी पुढे ओढली आणि तो चिरायला घेतला.