दोन ‘मी’ आणि त्यांची अक्षरं

चोपड्याच्या मावशीनं आणि काकांनी मला एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली होती. लग्नानंतर शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं, त्या दिवशी बस चुकली आणि दोघं डोक्यावर पेटी घेऊन चालत निघाले. बस कुणामुळे चुकली, यावर मात्र आजही एकमत नाही. मी दोघांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यावर कॉम्प्युटरसाठी चित्रकथा बनवायला घेतली. पडद्यावर चित्र, खाली चौकट, चौकटीत उमटत जाणारा मजकूर. वाचणाऱ्यानं टिचकी मारली की पुढचं वाक्य.

मेहरूण भागात माझ्या शेजारी राहणाऱ्या मैत्रिणीला पहिला भाग दाखवला. ती चार वाक्यांतच अडली. “यातला ‘मी’ कोण?”

खरंच की, दोघंही ‘मी’च म्हणत होते. म्हणून मी प्रत्येकाला वेगळी अक्षरं दिली. मावशीला बारीक, किंचित तिरकी, सावकाश उमटणारी. काकांना जाड, चौकोनी, काळीभोर. एकेक अक्षर उमटवताना आधी ‘क’ यायचा, मग मागाहून पहिली वेलांटी येऊन त्याच्या आधी बसायची. ते बघवेना, म्हणून पूर्ण शब्द एकदम येईल असं केलं.

लॅपटॉप घेऊन चोपड्याला गेले. मावशीनं चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाली, “हाई मी नही शे.”

“शब्द तुझेच आहेत, मावशी.”

“शब्द माझेच शेतस. पण ही बाई आजारी दिसते. मी कधी अशी बोलले?”

मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मावशी धडाधड बोलत होती, मध्ये श्वासही घेत नव्हती. अडखळत, हळू बोलत होते ते काका. मग मी बाईला नाजूक आणि पुरुषाला जाड अक्षरं कुठून दिली? माझ्या कानांनी तर तसं काहीच ऐकलं नव्हतं.

तिथंच बसून अदलाबदल केली. मावशीची वाक्यं जाड अक्षरांत एका दमात यायला लागली, तशी ती खुशीत मान हलवत राहिली. काका आपला मजकूर बराच वेळ बघत होते. मला वाटलं, त्यांना बारीक अक्षरं आवडली नसावीत.

“बठ्ठं, सगळं खरं शे,” ते म्हणाले. मग एका वाक्यावर बोट ठेवलं. “पन आठे जरासं थांब.”

वाक्य होतं : ‘ती पुढे निघून गेली. मी तिला नावानं हाक मारली.’ रेकॉर्डिंगमध्ये या दोन वाक्यांच्या मध्ये ते गप्प झाले होते. ती शांतता मी रिकामी जागा समजून कापली होती. त्या वाटेवर लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिचं नाव घेतलं होतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी तिथं तीन सेकंद घातले.

मावशीनं पुन्हा वाचायला घेतलं. ‘ती पुढे निघून गेली’ आलं आणि चौकट थांबली. यंत्र बंद पडलं असं वाटून तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दुसरं वाक्य उमटलं. तिनं ते वाचलं, चष्मा काढला आणि काकांकडे वळून म्हणाली,

“ती हाक माले आयकूच नही उनी.”

काका म्हणाले, “हळूच मारली होती.”