गुरुवारी सगळं सुरळीत चालायचं

आमच्या सरांना चाकणला जायचं तर गुरुवारच लागायचा. गुरुवारी तिथल्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे चौकात गाड्या तुंबलेल्या नसतात आणि वाकडहून निघालेला माणूस इस्त्री न मोडता पोहोचतो. आमचं सॉफ्टवेअर वापरणारा एक कारखाना तिथे होता; तो बंद असताना, रिकाम्या टेबलाशी बसून सर ते तपासायचे. ते अर्थातच झकास चालायचं. मग सर निकाल द्यायचे, "सिस्टिममध्ये काही नाहीये. माणूस बघा."

तो माणूस म्हणजे तिथला डिस्पॅच सुपरवायझर. लातूरकडचा, ठेकेदारामार्फत लागलेला. माल भरलेल्या ट्रकचा गेटपास आमच्या स्क्रीनवरून काढणं हे त्याचं काम. दुपारी शिफ्ट बदलताना ट्रकांची रांग लागायची आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन लटकायची. नुसतं चक्र फिरत राहायचं. तो वैतागून बटण पुन्हा पुन्हा दाबायचा. कोण नाही दाबणार? शेवटी मला फोन करायचा, मी सर्व्हर रीस्टार्ट करायचे आणि रांग हलायची. आमच्या ऑफिसात यालाच सपोर्ट म्हणत.

सरांनी मिटिंगमध्ये त्या बटण दाबण्यावरच बोट ठेवलं. "हा पुन्हा पुन्हा दाबतो म्हणून लटकतं." कारखान्याच्या मॅनेजरला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात त्यांना काहीच करावं लागत नव्हतं. आणखी एकदा ट्रक अडकले तर सुपरवायझरला घरी पाठवायचं ठरलं. मला सरांचा तेव्हा जो राग आला, तो अजून तसाच आहे.

मी रजा टाकली आणि कामाच्या दिवशी स्कूटीवरून चाकण गाठलं. नाक, कान, डोळे सगळं धुळीने भरलं. सुपरवायझरच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले. शिफ्ट बदलली, स्क्रीन लटकली. सर्व्हरवर ताण नाही, डेटाबेस निवांत, आणि तरी एकही काम पुढे सरकत नव्हतं. डेटाबेसशी बोलायला आमच्याकडे ठरावीकच कनेक्शन होती आणि ती सगळी कोणीतरी धरून बसलं होतं. टपरीवर चार ग्लास असावेत, चौघांनी ते हातात धरून फोनवर गप्पा माराव्यात आणि पाचव्याला चहाच मिळू नये, तसा प्रकार. आमचा प्रोग्रॅम कनेक्शन घ्यायचा, मग ट्रान्सपोर्टवाल्याच्या सर्व्हरला गाडीची माहिती विचारायचा, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत कनेक्शन सोडायचाच नाही. किती वेळ थांबायचं याला मर्यादाही नव्हती. बटण दाबल्याने रांग वाढत होती हे खरं, पण अडवणूक आमचीच होती. हा भाग सरांनी लिहिलेला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं त्यांनीच बजावलेलं.

मी रीस्टार्ट केलं, ट्रक सुटले. त्या दिवशी कोणी बोंब मारली नाही. सुपरवायझरने विचारलं, "सापडलं का मॅडम?" मी म्हटलं, "सापडलं. तुमचं काही चुकलेलं नाही." त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

आधी उत्तर आणायचं आणि मगच कनेक्शन घ्यायचं, एवढाच बदल होता. संध्याकाळीच करून सरांना दाखवला. त्यांनी वाचला, ओठ आवळले आणि म्हणाले, "ठीक आहे. गुरुवारी टाकू. चालू कारखान्यात रिस्क नको."

गुरुवार यायच्या आत ट्रक पुन्हा अडकले. सुपरवायझरला काढलं. गुरुवारी सरांनी माझा बदल टाकला, शुक्रवारी त्या खुर्चीवर नवा माणूस बसला, आणि स्क्रीन लटकायची थांबली.

पुढच्या मिटिंगमध्ये मॅनेजर खूश होते. "बघा, माणूस बदलला आणि सिस्टिम सुधारली."

"माणसामुळे नाही," मी म्हटलं. "चूक आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती आम्ही गुरुवारी काढली. त्यांना परत घ्या."

सर फोनमध्ये बघत राहिले. मॅनेजर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "आता परत घेतलं तर आमचं चुकलं असं होईल ना, मॅडम."

बाहेर येऊन मी सुपरवायझरला फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, पुन्हा एकदा, चूक आमची होती म्हणून.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मी घरी बी सांगून बसलोय, माझ्याच हातनं बिघडलं म्हणून."