मिहिरच्या नावावर

चष्मा घरी विसरलो, तिथून सगळं सुरू झालं. माझा कॉम्प्युटर सकाळपासून अडकला होता आणि शेजारचा मिहिर भाच्याच्या मुंजीला गेला होता. म्हणून त्याच्या खुर्चीत बसलो. सॉफ्टवेअर त्याच्या नावानं उघडंच होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ते नाव होतं, मला दिसलं नाही. दिवसभर डोळे स्क्रीनला चिकटवून एका मोबाइलच्या मेनूचं मराठी केलं. अख्खी फाईल संपवली. चाळिशी ओलांडलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या नावानं राबला आणि वर स्वतःवर खूश होऊन घरी गेला.

सोमवारी मीटिंगमध्ये तीच फाईल भिंतीवर आली. सगळी हिरवी.

आमचं काम असं. स्क्रीनवर डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे आपण लिहायचं मराठी, खाली लिहिणाऱ्याचं नाव. ते वाक्य भाषातज्ज्ञ मॅडम तपासणार. पसंत पडलं तर हिरवं, नाही तर लाल, सोबत शेरा. मॅडम कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. माझी बहुतेक वाक्यं लाल यायची. 'ओबडधोबड.' 'बोली वळण.' एकदा तर, 'घरचं वळण दिसतं.'

घर म्हणजे आमचं गाव, लोणी काळभोर. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला, वडिलांनी शिकवलं, मी मराठीत एम.ए. झालो. पण आमचं आडनाव ऐकल्यावर पुण्यात पुढचं विचारावं लागत नाही. चेहऱ्यावर एक सभ्य हसू येतं, तेवढ्यात उरकतं.

मला संशय होता. पण संशय कुणाला दाखवायचा? बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिला लाल वाक्यं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "बरोबर तर आहे." मग मला तिचाही संशय यायचा. नवरा म्हणून म्हणत असेल. मग रात्री वाक्य पुन्हा घासायचो. इतकं घासायचो की ते कुणाचंच राहायचं नाही. तरी लाल. महिनाअखेरीला माझी नोकरी कायम होणार की नाही हे ठरायचं होतं, आणि रिपोर्ट मॅडमच देणार होत्या. या वयात दुसरी नोकरी कोण देतो?

तर ती हिरवी फाईल. मॅडमनी भिंतीवरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं.

'संदेश पाठवता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"किती सुटसुटीत आहे बघा. मिहिर, छान. भाषा अशी घरात असावी लागते. ती क्लास लावून येत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही जरा हे उतरवून घ्या. उपयोगी पडेल."

आणि मी पेन काढलं. खरं सांगतो. अर्धं वाक्य उतरवलंसुद्धा. मग हात थांबला. अरे, हे मीच लिहिलंय.

कान तापले. वाटलं, गप्प बसावं. फाईल पास झाली, बस की. मिहिरकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता.

मी उभा राहिलो. "मॅडम, ही फाईल माझी आहे."

कुणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "नाव तर मिहिरचं दिसतंय."

"त्या दिवशी मिहिर होता कुठे, विचारा त्याला."

मिहिरनं मान खालीच ठेवून सांगितलं, "मी मुंजीला होतो, मॅडम. ते माझ्या जागेवर बसले असतील."

मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. बोलल्या. "म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या नावानं काम केलंत? हे काही बरोबर नाही हं."

तिथे माझ्यातलं काहीतरी तुटलं. भीती असावी. मी म्हणालो, "त्याआधीच्या आठवड्यातली माझी फाईल लावा. हेच वाक्य त्यात आहे."

लावली. तेच वाक्य. शब्द तेच. खाली माझं नाव. लाल. शेरा: 'ओबडधोबड.'

दोन्ही वाक्यं भिंतीवर शेजारी शेजारी. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "संदर्भ वेगळा असेल," म्हणाल्या.

मॅनेजर घाईनं मध्ये पडला. "आपल्याकडे कुणी नाव बघत नाही. काम बघतात."

"मग नावं झाका," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. अगदी गोड. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे म्हणे, तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. उद्यापासून सगळ्यांचीच नावं झाकू. नोकरी कायम होण्याचंही बघतो. "आता खूश ना? विषय संपवू या."

इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर गोड बोलण्याचा मला आधी संशय येतो. सोय होती, तर आजवर झाकली का नाहीत? पण त्या दिवशी मी जिंकलो होतो ना. घराजवळ, वारज्याला उतरून पेढे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या तोंडावर बोललो होतो, ते बायकोला सगळं अभिनयासकट सांगितलं. मॅडमचा चष्मा पुसून दाखवला.

ती वह्या तपासत होती. हसली नाही. पेढ्याला हात लावला नाही.

"म्हणजे तुमचं काम पास झालं," ती म्हणाली. "आणि नाव नापासच राहिलं. ते झाकून ठेवायचं, हे तुम्हीच त्यांना सुचवून आलात."

मी म्हणालो, "अगं, पण नोकरी—"

"उद्या जा आणि झाकलेलं काढायला लावा. सगळ्यांचं झाकलेलं राहू दे, तुमचं उघडा. आडनावासकट दिसू दे त्या बाईला. आणि मग म्हणावं, करा लाल."