भिंतीवरचा हंडा

संशय माझ्या रक्तातच आहे. दूधवाला जरा गोड बोलला की मी आधी दुधात बोट बुडवून बघते. त्यात आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांआड. अंगणातल्या पिंपातलं पाणी रोज दुपारी हंडाभर कमी व्हायला लागलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आमच्या घराच्या पूर्वेला तेलुगू बोलणारी शेजारीण, पश्चिमेला माझी धाकटी जाऊ. जाऊ घरचंच माणूस. म्हणजे उरलं कोण?

मे महिन्यात खिडकीला पुठ्ठा ठोकून, दार लावून मी दुपारची आडवी व्हायची. पुठ्ठ्यात खिळ्याचं भोक राहिलं होतं. एकदा बघते तर समोरच्या भिंतीवर अख्खं अंगण उतरलेलं, पुसट आणि उलटं. आकाश खाली, पिंप वर. आठवीला हेच तर मी शिकवते. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली पडतो आणि खालचा वर. तेवढ्यात एक लाल साडी पिंपापाशी आली, हंडा भरला आणि भिंतीवरून पूर्वेकडं सरकत गेली. तोंड काही ओळखू आलं नाही. मी कडी काढून बाहेर येईस्तोवर अंगण मोकळं.

तशीच शेजारणीच्या दारात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळ्या गल्लीनं ऐकलं. माझ्या टायफॉइडमध्ये महिनाभर डबा आणणारी बाई ती. तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी आमचे हे दुपारी बाहेर पडले आणि भिंतीवर पूर्वेकडं चालायला लागले. हे तिकडं कशाला? आल्यावर उलटतपासणी घेतली, तर म्हणाले, भावाकडं गेलो होतो. खोटं वाटलं, म्हणून त्यांना परत चालायला लावलं. चालले पश्चिमेला, भिंतीवर गेले पूर्वेला.

वरचं खाली होतं तसं डावीकडचं उजवीकडं जातं. किरण त्याच भोकातून जातात की! इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेतलं आणि मीच विसरले. जावेला विचारलं, तर म्हणाली, घरचंच पाणी की, विचारायचं काय त्यात?

लाजेनं मरायची पाळी आली. शेजारणीकडं गेले, हात जोडले.

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "तुमच्या घरात भांडण नको म्हणून बोलले नाही. तुम्ही मला एकदा नुसतं विचारायचं होतं की."

तिनं आत या म्हटलं नाही.